दिवेलागण नसलेला जून

गार पाण्याचा नळ सोडला आणि हात पोळला, की दोह्यात जून आला असं समजावं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हानं इतकं तापतं की त्यात तांदूळ टाकायचेच काय ते बाकी राहतात. मग आम्ही इथले जुने रहिवासी उलटा कारभार करतो. गिझर बंद करून ठेवतो. त्याच्या पोटातलं पाणी घरातल्या एसीनं निवतं आणि अंघोळीला आम्ही गरम नळाचं पाणी घेतो, कारण गार तेच असतं. नव्यानं आलेल्या माणसाला हे सांगितलं की त्याला वाटतं, आपली फिरकी घेताहेत. पुढच्या जूनपर्यंत तोही गिझर बंद करायला शिकतो.

याच दिवसांत बिन महमूद भागातली आमची इमारत रिकामी व्हायला लागते. शाळा सुटतात, लिफ्टमध्ये माणसांपेक्षा बॅगा जास्त दिसतात, बॅगा तोलायचा काटा या मजल्यावरून त्या मजल्यावर फिरत राहतो. कोण कधी निघणार आणि कोण कधी परतणार, याशिवाय दुसरं बोलणं नसतं. मी हे सगळं आरामात बघतो. एका बांधकाम कंपनीत मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. म्हणजे एकानं काढलेल्या नकाशावर शिक्का मारायचा आणि तो दुसऱ्याकडे पाठवायचा. नकाशातली इमारत बघायला जायची गरज नसते. इतकी वर्षं हे काम केल्यावर माणूस जगाकडेही तसाच बघायला लागतो, आलं आणि गेलं. माझी बायको वैशाली म्हणते, "तुमच्या अंगात रक्त आहे का शाई, कळतच न्हाई बघा."

यंदाही नळ पोळला आणि मला तीन उन्हाळ्यांमागचा जून आठवला. त्या वर्षी आम्ही सुट्टीत गावी गेलो नाही. आखातातल्या माणसानं वर्षाची सुट्टी घेऊन गावाऐवजी दुसरीकडे जाणं ही साधी गोष्ट नाही. त्याचा खुलासा साताऱ्यात आणि अंबाजोगाईत, दोन्हीकडच्या नातेवाइकांना करावा लागतो, आणि तो कुणाला पटत नाही. आम्ही गेलो अलास्काला. आधी बोटीनं किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेकडे आणि मग काचेच्या छताच्या रेल्वेनं आत, फेअरबँक्स नावाच्या गावापर्यंत.

हे खूळ आमच्या मुलीचं, सईचं. ती नुकतीच बारावी झाली होती. दोह्यात जन्मली, दोह्यातच वाढली, बर्फ पाहिला तो फ्रीजरमध्ये किंवा मॉलमधल्या स्केटिंगच्या चौथऱ्यावर, आणि तिला शिकायचं होतं हिमनद्यांबद्दल. फेअरबँक्सच्या विद्यापीठात तिला जागा मिळाली होती. मी होकार दिला होता. अर्थात आमच्या घरात माझा होकार म्हणजे नकाशावरचा माझा शिक्का, तो लागल्यानं इमारत उभी राहत नाही. वैशाली हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. एकुलती एक पोर इतक्या लांब पाठवायची, तीही जिथं हिवाळ्यात पापण्यांवर बर्फ साचतो अशा ठिकाणी. "तिकडं गेलेलं माणूस परत येतं का कधी?" ती मला विचारायची. आम्ही स्वतः दोन वर्षांसाठी म्हणून दोह्याला आलो होतो, त्याला वीस वर्षं होत आली होती. त्यामुळे हा प्रश्न आला की मी पेपर उघडायचो. शेवटी सईनंच तोडगा काढला. आधी जागा बघा, मग ठरवा. फेअरबँक्सला पोचेपर्यंत विद्यापीठाला होय किंवा नाही कळवायचं होतं.

आता वैशालीच्या एका पद्धतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीवर अडलं. तिच्या माहेरी मोठी गोष्ट दिवसा बोलत नसत. दिवसा माणसाचं डोकं कामात असतं, असं तिचे वडील म्हणायचे. संध्याकाळी देवापुढे दिवा लागायचा, सगळ्यांचे हात जोडून व्हायचे आणि मग ते बैठक मारून म्हणायचे, "हं, बोला." तिचं लग्न असंच ठरलं. मला दोह्याला नोकरी लागली तेव्हा मुलगी इतक्या लांब पाठवायची की नाही, तेही दिवा लागल्यावरच ठरलं. ती पद्धत वैशाली इथं घेऊन आली. दोह्यात उन्हाळाभर पडदे ओढलेले असतात आणि आभाळात धूळ असते, तेव्हा संध्याकाळ झाली हे कळायचं कसं? तर इमारतीमागच्या मशिदीत मगरिबची अजान झाली की ती निरांजन लावते. समोरच्या दारात महाडच्या रुकसानाभाभी राहतात, त्या त्याच वेळी नमाजाचा मुसल्ला अंथरतात. दोन्ही घरं एकाच वेळी गप्प होतात आणि थोड्या वेळानं दोन्हीकडची भांडी पुन्हा वाजायला लागतात.

सईचं सगळं लहानपण "संध्याकाळी बोलू" या दोन शब्दांत गेलं. शाळेची सहल, स्वतःचा फोन, मैत्रिणीकडे राहायला जाणं, काहीही मागितलं की उत्तर तेच. वैशालीनं ते टाळण्यासाठी कधी वापरलं नाही, हे मात्र मान्य करायला हवं. निरांजन लागायचं, हात जोडले जायचे, आणि एका वाक्यात निकाल मिळायचा. त्यामुळे सईचाही त्यावर विश्वास होता. हात जोडायची सवय तर आम्हा तिघांनाही इतकी लागली आहे की ऑफिसात दिवे जाऊन पुन्हा आले तरी माझे हात अर्ध्यापर्यंत वर येतात आणि शेजारच्या टेबलावरचा फिलिपिनो माझ्याकडे बघतो.

निघायच्या आदल्या दिवशी सईनं विचारलंच. तेव्हा ती आमच्याशी इंग्रजीत बोलायची, आम्ही तिच्याशी मराठीत, आणि याचं कुणाला काही वाटत नसे.

"आई, येस ऑर नो?"

"बोटीवर निवांत बोलू," वैशाली म्हणाली. "संध्याकाळी."

रुकसानाभाभी किल्ली आणि तुळशीची कुंडी घ्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगो वैशाली, तिकडं सूर्य बुडतच नाय म्हणतात. मगरिब कधी करतात ते तरी विचारून ये." आम्ही सगळे हसलो. त्या काय बोलल्या हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

बोट व्हँकुव्हरहून सुटली. बोट म्हणायचं आपलं, पाण्यावर आडवी टाकलेली बारा-पंधरा मजल्यांची इमारत होती ती. लिफ्ट, गालिचे, चोवीस तास खाणं. वैशालीनं पहिल्या जेवणाला उकडलेल्या बटाट्यांवर शेंगदाण्याची चटणी घातली आणि मग बोट तिला आवडली. दोन्ही बाजूंना डोंगर, डोंगरांवर काळसर हिरवी झाडं पार पाण्यापर्यंत उतरलेली, मधून ढगाचा एखादा तुकडा अडकलेला. वस्ती नाही, रस्ता नाही, तार नाही. दोह्यात नजर कुठंही टाकली तरी क्रेन अडवते. इथं नजर अडवायला काहीच नव्हतं आणि पहिले दोन दिवस मला त्याचाच शीण आला. आजूबाजूचे म्हातारे अमेरिकन डोळ्यांना दुर्बिणी लावून देवमासे शोधत होते. देवमासा दिसला की कर्ण्यावरून सांगायचे आणि बोटभर माणसं एका कठड्याकडून दुसऱ्याकडे पळायची. मला एकदा शेपटी दिसली. मोठी होती.

पहिल्या संध्याकाळी आम्ही जेवून खोलीत आलो. सई पलंगावर मांडी घालून बसली. वैशालीनं बॅगेतून सेलवरचं निरांजन काढलं, कारण बोटीवर काडीसुद्धा पेटवायची बंदी होती. टेबलावर पुसून ठेवलं आणि खिडकीबाहेर बघितलं. बाहेर दुपार होती. चार वाजता होती तशीच. वैशाली म्हणाली, "थांबू थोडं." आम्ही थांबलो. सईनं फोन बघितला, मी पाय चेपले. पुन्हा बाहेर बघितलं तर दुपारच होती. डोळ्यांवर झोप यायला लागली तरी सूर्य डोंगरावर कोपर टेकून निवांत बसलेला. रात्र व्हायचीच नाही असं नाही. आम्ही झोपल्यावर केव्हातरी ती येऊन जात असावी, पण आमची तिची भेट झाली नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी वैशालीनं खोली आवरायला येणाऱ्या इंडोनेशियन मुलाला हिंदी-इंग्रजी मिसळून विचारलं, "भैया, ये इव्हिनिंग कब होता है?" तो बिचारा टॉवेलचा हत्ती करत होता. त्यानं नम्रपणे सांगितलं, "फाइव्ह ओ'क्लॉक टू नाइन, मॅडम." बोटीच्या वेळापत्रकात छापलं होतं तसं. वैशालीला ते पटलं नाही. वेळापत्रकातल्या संध्याकाळी दिवा लावायचा तर घरीच घड्याळ लावून लावला असता, ती म्हणाली.

मी म्हणालो, "अगं, दिवा नाही लावला तरी बोलता येतं."

"बोलता येतं," ती म्हणाली, "पण मला सुचंना की. उजेडात माझ्या तोंडून 'न्हाई'च येईल."

हे ऐकून मला पहिल्यांदा कळलं की ती टाळत नव्हती. उजेडात तिला पोर लांब जाताना दिसत होती, आणि दिसत असताना हो म्हणणं तिला जमत नव्हतं.

सई हुशार. चौथ्या दिवशी तिनं खोलीचे जाड पडदे ओढले, फटीला उशी लावली, दिवे बंद केले आणि काळोखात सेलवरचं निरांजन लावलं. "आई, लुक. इव्हिनिंग." प्लास्टिकची ज्योत लुकलुकत होती. वैशालीनं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि उठून पडदा सरकवला. उन्हाचा पट्टा सईच्या तोंडावर पडला. "अशी खोटी संध्याकाळ चालत नसते, बाळा," ती म्हणाली. सई दार जरा जोरात लावून वरच्या मजल्यावर निघून गेली.

मग हिमनदीचा दिवस आला. बोट तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि इंजिनाचा आवाज कमी झाला. आम्ही तिघांनी होते नव्हते ते सगळे कपडे अंगावर चढवले होते. वैशालीनं तर स्वेटरवर साडीची शाल करून गुंडाळली होती. समोर बर्फाची भिंत, आणि तिच्या भेगांत निळा रंग. पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ बादलीत विरघळायच्या आधी दिसते, तो निळा. मध्येच भिंतीचा एक कपरा सुटला आणि पाण्यात गेला. आधी पडलेला दिसला, मग आवाज आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हे मला विचित्र वाटलं. सईनं टाळ्या वाजवल्या नाहीत. कठड्याला दोन्ही हातांनी धरून ती इतकी पुढे झुकली होती की मी नकळत तिच्या जाकिटाची टोपी मागून पकडली.

वैशाली म्हणाली, "फ्रीज डीफ्रॉस्टला लावल्यावानी ठिबकायलंय की सगळं."

"यू आर राइट, आई," सई म्हणाली. "एक्झॅक्टली दॅट. इट्स गोइंग." आणि मग ती बोलत सुटली. ही नदी पूर्वी कुठपर्यंत होती, बर्फ सरकतो कसा, आत हवेचे बुडबुडे कसे अडकतात. अर्ध्या गोष्टी मला कळल्या नाहीत. वैशालीला त्याहून कमी कळल्या असतील. पण ती हिमनदीकडे बघत नव्हती, सईच्या तोंडाकडे बघत होती. थंडीनं नाक लाल झालेलं, डोळ्यांत पाणी, आणि शब्द तोंडात मावत नाहीत. दोह्यातल्या आमच्या घरात ही मुलगी अशी कधी दिसली नव्हती. ती तिथं सुखी नव्हती असं नाही. पण असं तिला तिथं कधी पेटलेलं पाहिलं नव्हतं, एवढं खरं. मला तेव्हा वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, आणि दोन्हींवर मारायचा शिक्का माझ्याकडे नव्हता.

बोटीनं आम्हाला व्हिटियर नावाच्या बंदरावर सोडलं. डोंगराच्या कुशीत ओली, करडी, मूठभर वस्ती. बारीक पाऊस. धक्क्यालगतच रेल्वे उभी होती, छतापर्यंत काचेची. बसल्याबसल्या मान वर केली तरी डोंगर दिसायचे. सई खिडकीशी बसली, वैशाली तिच्या शेजारी आणि मी समोर. संध्याकाळी फेअरबँक्सचा मुक्काम नव्हता, वाटेत एक रात्र होती, पण वाट आता त्याच गावाकडे जात होती आणि ते तिघांनाही ठाऊक होतं. सेलवरचं निरांजन मोठ्या बॅगेत, सामानाच्या डब्यात गेलं होतं. सईनं विचारायचं सोडून दिलं होतं. काचेवर बोटानं ती काहीतरी काढत होती आणि पुसत होती.

गाडी हलली. गाइड मुलीनं कर्ण्यावरून सांगितलं की आता बोगदा लागेल, चांगला लांब आहे, डोंगरातून आरपार जातो. मी घाटातले बोगदे पाहिले आहेत. भसकन अंधार होतो, पोरं ओरडतात आणि उजेड येतो. पण हा बोगदा संपेना. काचेच्या छतावरून आभाळ नाहीसं झालं, मग डोंगर नाहीसे झाले, मग समोर बसलेली वैशाली नाहीशी झाली. आठवडाभर डोळ्यांत घुसलेला उजेड पहिल्यांदा बाहेर राहिला. खडकाच्या पोटातला गार वास आत आला. आणि मग डब्यातले दिवे लागले, छोटे, पिवळे, दोन्ही बाजूंनी ओळीत.

वैशालीचे हात जोडले गेले. तिनं जोडले नाहीत, ते गेले. माझे अर्धे वर आले होते. आणि सईचे, जी तेव्हा आमच्याशी एक मराठी वाक्य धड बोलत नसे, तिचे हात पूर्ण जोडलेले होते, छातीशी, लहानपणी निरांजनापुढे उभी राहायची तसे. तिनं आधी आपल्या हातांकडे बघितलं, मग आईच्या.

"आई," ती म्हणाली. "दिवा लागला."

वैशालीनं हात सोडले नाहीत. गाडीचा खडखडाट डोंगरात घुमत होता. तिच्या गालावरून पाणी ओघळलं, ते पिवळ्या उजेडात मला दिसलं.

"जाऊन ये," ती म्हणाली.

एका वाक्यात निकाल, नेहमीसारखा. पडद्याचा अंधार तिनं नाकारला होता, डोंगराचा तिला चालला. थोड्या वेळानं बोगदा संपला, काचेवर पाऊस आणि पांढरा उजेड एकदम येऊन पडला, दिवे विझले. सईनं आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि बाहेर काय सुंदर होतं ते आमच्यापैकी कुणीच बघितलं नाही. नंतर दोन दिवस त्या रेल्वेनं आम्हाला नद्या दाखवल्या, दरीवरचे पूल दाखवले, लांब उभं असलेलं अस्वल दाखवलं. मला त्यातलं फारसं आठवत नाही. फेअरबँक्सला पोचलो तेव्हा झोपायची वेळ झाली होती आणि मुलं अंगणात सायकली फिरवत होती.

त्याला तीन वर्षं झाली. सई तिथं रमली. दोह्याचा कायदा असा की इथला रहिवासी सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहिला की त्याचा आयडी जातो. म्हणून ती दर सहा महिन्यांच्या आत येते, आठवडाभर राहते, रुकसानाभाभींच्या हातचं खाते, रात्री जागते, दिवसा झोपते आणि परत जाते. वैशाली त्या आठवड्याची तयारी उरलेले महिने करत असते. आयडी म्हणजे एक प्लास्टिकचं कार्ड, पण ते आहे तोवर सई या घरची आहे. ते गेलं की ती इथं यायची तर व्हिजिट व्हिसावर, पाहुणी म्हणून. वैशालीनं हे मला एकदा बोलून दाखवलं आणि मी नेहमीप्रमाणे म्हणालो, कागदाचं काय घेऊन बसलीस. आयुष्यभर कागदच केलेल्या माणसानं हे म्हणावं!

यंदाची मुदत जुलैत संपते. सईचा अभ्यासासाठी हिमनदीवरचा तंबूतला मुक्काम जूनमध्ये सुरू होतो आणि ऑगस्टपर्यंत चालतो, हे आम्हाला तिच्या बोलण्यातून तुकड्यातुकड्यानं कळलं होतं.

काल तिचा व्हिडिओ कॉल आला. इथं मगरिबला थोडा अवकाश होता, तिकडे सकाळ होती. तिच्या मागच्या खिडकीत भगभगीत उजेड, आणि कुणीतरी गाडीत खोकी चढवत होतं. हल्ली ती मराठी बोलते. इथं असताना कधी बोलली नाही, तिथं गेल्यावर यायला लागलं. बरंच इकडचं तिकडचं झालं, तुळस कशी आहे ते झालं, आणि वैशालीनं सरळ विचारलं.

"जुलैत यायलीस का न्हाई? तुझ्या आयडीचे सहा महिने भरायलेत."

मागून कुणीतरी तिला हाक मारली. तिनं तिकडे बघितलं, मग पुन्हा आमच्याकडे.

"संध्याकाळी बोलू, आई," ती म्हणाली.

"बरं," वैशाली म्हणाली आणि फोन ठेवला.

इतक्यात मागच्या मशिदीत अजान सुरू झाली. समोरच्या दारामागे रुकसानाभाभींची चाहूल थांबली. वैशालीनं वात पुढे केली, निरांजन लावलं, हात जोडले. मीही सोफ्यावरून उठून जोडले. तिची पाठ माझ्याकडे होती आणि ती बराच वेळ तशीच उभी राहिली, म्हणून काहीतरी बोलायला हवं असं मला वाटलं.

"करेल ती फोन," मी म्हणालो. "संध्याकाळी म्हणाली ना."

"अहो," ती ज्योतीकडे बघतच म्हणाली, "तिकडं जून आहे."